गोष्ट कोणाची, गल्ला कोणाचा

महाराष्ट्रातल्या आज्यांवर सध्या कामाचा फार बोजा पडला आहे. लोणचं आजीचं, मसाला आजीचा, पापड आजीचे, केसांचं तेल तर थेट पणजीचं. कुठलंही पाकीट उलटं करा, मागच्या बाजूला नऊवारीतली एक म्हातारी पाट्यावर वाकून काहीतरी वाटत बसलेली असते. शेजारी चार ओळी असतात: आजीच्या हातची चव, तीन पिढ्यांचा वारसा, मायेचा स्पर्श. आणि त्याखाली, भिंग लावून वाचावं अशा अक्षरात, सोडियम बेन्झोएट. हे बेन्झोएट आजीला कोणत्या माहेरवाशिणीने शिकवलं, ते पाकिटावर नसतं. खरी आजी घरात बसून विचारत असते, "काऊन रे, मिक्सर दुरुस्त करून आणला का नाही?"

या प्रकाराला ऑथेंटिक स्टोरीटेलिंग म्हणतात. माल विकू नका, गोष्ट विका. कंपनी मागे ठेवा, माणूस पुढे आणा. तो माणूस म्हणजे तुम्ही स्वतः, आणि तुम्ही म्हणजे ब्रँड. पुण्या-मुंबईच्या एसी हॉलमधून हे ज्ञान नागपुरात उतरलं आणि तिथून अमरावती हायवेने आमच्या कारंज्यात पोचलं. कारंजा म्हणजे कंसात घाडगे. कंसात लाड असलेलं कारंजा वाशीम जिल्ह्यात आहे. तिथे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आहे, भाविकांची रीघ आहे. आमच्याकडे त्यांची चुकलेली पार्सलं येतात. शिवाय हे घाडगे वेगळे आणि गाडगेबाबा वेगळे, हेही पाहुण्याला दर वेळी सांगावं लागतं. ज्या गावाला आपलं नाव सांगताना आधी कंस उघडावा लागतो, त्याने ब्रँडिंगचं शिबिर करावं यात नवल नाही.

तर गावातला एक पोरगा नागपूरला जाऊन असं शिबिर करून आला. फी बापाने भरली, हरभरा विकून. पोरगा परत आला तो फाउंडर होऊन. कशाचा, ते ठरायचं आहे.

शिबिरात त्याला गोष्टीचा साचा मिळाला. आधी गरिबी. मग अपमान, शक्यतो जवळच्या नातेवाइकाने केलेला. मग रात्रीची रेल्वे आणि खिशात मोजके पैसे. मग परक्या शहरात कोणीतरी भेटतं, एकच वाक्य बोलतं आणि नाहीसं होतं. मग आज आपल्याकडे चाळीस माणसं कामाला आहेत. शेवटी कोर्सची लिंक. पोराने प्रामाणिकपणे हात वर केला आणि सांगितलं, सर, आमच्या कारंज्याला रेल्वेच नाही. सर म्हणाले, एसटी चालेल, पण लाल डबाच घ्या, शिवशाही नको.

पोराने मग स्वतःच्या प्रोफाइलवर पहिली ओळ लिहिली: शेतकऱ्याचा मुलगा. बापाने ती कोणाकडून तरी वाचून घेतली आणि विचारलं, "मंग सकाळी युरियाची थैली आणाले काऊन नाही गेला बे?" या प्रश्नाला साच्यात जागा नव्हती. विदर्भात आज प्रोफाइलवर शेतकऱ्याचे मुलगे इतके झाले आहेत की वावरात सोयाबीन सोंगायला माणूस मिळत नाही.

साच्यातला सगळ्यात भारी भाग म्हणजे कबुली. स्वतःची कमजोरी सांगा, लोक जवळ येतात, असं हे शास्त्र म्हणतं. पण कमजोरी निवडून सांगायची असते. मी फार मेहनत करतो, घरच्यांना वेळ देता येत नाही. मी लोकांवर लगेच विश्वास टाकतो. मी नाही म्हणू शकत नाही. यात कमजोरी कुठली आणि पोरगी पाहायला गेल्यावर सांगायचे गुण कुठले, हे ओळखून दाखवावं. पतपेढीचे हप्ते थकवले, भागीदाराला फसवलं, बायकोचे दागिने मोडले, असली कबुली आजवर एकाही फाउंडरच्या पोस्टमध्ये दिसलेली नाही. तशी माणसं या धंद्यात नसतीलच, असं समजून चालू.

आमच्या वर्धा जिल्ह्यात एक म्हातारा राहून गेला. १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात येऊन बसला आणि त्या गावाचं पुढे सेवाग्राम झालं. वर्ध्याला येण्याच्या कितीतरी आधी, १९२५ ते १९२९ या काळात, त्याने आपल्या 'नवजीवन' साप्ताहिकात आठवड्याच्या आठवड्याला स्वतःची गोष्ट छापली. लहानपणी भावाच्या कड्यातलं सोनं चोरलं, ते लिहिलं. बाप मरणपंथाला लागलेला असताना आपण त्याच्या उशाशी नव्हतो, बायकोच्या खोलीत होतो, हेही लिहिलं. आजचा एखादा ब्रँडिंगवाला तिथे असता तर त्याने हात जोडून म्हटलं असतं, बापूजी, वडिलांचं प्रकरण गाळू या, त्याऐवजी आफ्रिकेतल्या रेल्वेच्या डब्याचं घेऊ, तेवढं पुरेल. आणि खरोखरच पुढच्या लोकांनी तेवढंच घेतलं. आज प्रत्येक स्टोरीटेलिंगच्या शिबिरात गांधींचा एक फोटो असतो आणि पीटरमारित्झबर्गचं स्टेशन असतं. चोरीचं सोनं आणि ती खोली कुठल्याच पडद्यावर नसते. कारण त्या कबुलीने गांधींना काही मिळालं नव्हतं, उलट जवळचं काही गेलंच होतं. आणि जवळचं काही गेल्याशिवाय अस्सलपणा येत नाही, ही गोष्ट शिबिराच्या फीमध्ये बसत नाही.

तसं पाहिलं तर पर्सनल ब्रँडिंग आम्हाला नवीन नाही. बसस्टँडच्या चौकात मान वर करून बघा. युवा हृदयसम्राट, गोरगरिबांचे कैवारी, भावी नगरसेवक, भावी आमदार, आणि खाली तीस शुभेच्छुकांचे फोटो, त्यात दोघं असे की त्यांना आपण शुभेच्छुक आहोत हे फ्लेक्स लागल्यावर कळलं. फरक एवढाच की हे लोक ऑथेंटिक असल्याचा दावा करत नाहीत. फ्लेक्सवाल्याला पैसे दिले, फोटो लागला, वाढदिवस झाला. या बाबतीत मी त्यांना फाउंडरांपेक्षा वरचा नंबर देतो.

आता आमच्याकडची खरी गोष्ट सांगतो. ती संत्र्याची आहे आणि तिच्यात आमचं नाव नाही.

कारंजा, आष्टी, काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी हा सगळा संत्र्याचा पट्टा. झाडाचं पाणी तोडायचं, त्याला ताण द्यायचा, पानं मलूल होईपर्यंत थांबायचं आणि मग पाणी सोडायचं. झाड फुलावर येतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुललं तर अंबिया बहार, त्याची फळं दिवाळीच्या पुढेमागे तोडायला येतात. मृगाच्या पावसावर फुललं तर मृग बहार, त्याची फळं फेब्रुवारी-मार्चात. मधल्या काळात कोळशी येते, डिंक्या येतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात एखाद्या पहाटे बागेत गेलं तर झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडलेला असतो. त्याला आम्ही फळगळ म्हणतो. त्या दिवशी घरात कोणी कोणाशी बोलत नाही. मग एक दिवस व्यापारी येतो, बागेतून एक चक्कर मारतो, झाडाकडे न बघता मोबाइलकडे बघत आकडा बोलतो, आणि झाडावरच बगीच्याचा सौदा होतो. इसार हातात पडतो. फळं तोडणारे मजूर त्याचे, गाडी त्याची, क्रेट त्याचे.

आणि हायवेवर गाडी चढली की ते फळ नागपुरी होतं.

नागपूरकरांवर आमचा राग नाही. बाजारपेठ त्यांची, रेल्वे त्यांची, नाव जगाच्या तोंडी त्यांचं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. या मानांकनाची मात्र मला एक गोष्ट आवडते. चेन्नईला त्याचं नोंदणी कार्यालय आहे आणि तिथे गोष्टीला पुरावा मागतात. फळ कुठे पिकतं त्याचा नकाशा द्या. किती काळापासून पिकतं त्याची कागदपत्रं द्या. इथल्या मातीत आणि हवेत असं काय आहे की ते दुसरीकडे तसं पिकत नाही, ते दाखवा. आमच्याच जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद २०१६ मध्ये या परीक्षेत पास झाली. अख्ख्या देशात गोष्ट सांगणाऱ्याला 'कागद कुठे आहे?' असं विचारणारी बहुधा ही एकच जागा असेल. पण तिथेही एक मेख आहे. मानांकन पट्ट्याला मिळतं, ते पाकिटावर लावायला शेतकऱ्याला स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते. ती करणारे थोडे. बाकीच्यांच्या फळाला मानांकन आहे, हे फळाला माहीत असेल तर असेल.

दुसरी गोष्ट नोगाची. नोगाचा जॅम आणि टोमॅटो सॉस खाल्ला नाही असं घर महाराष्ट्रात विरळा. हे नाव आलं नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशनच्या आद्याक्षरांवरून. म्हणजे संत्रा बागायतदारांनी एकत्र येऊन केलेली संस्था. आज हा ब्रँड राज्य सरकारच्या कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आहे. बागायतदारांनी स्वतःच्या फळाचा स्वतः माल करून विकायचा ठरवला, यापेक्षा अस्सल गोष्ट कोणत्या आजीकडे आहे? पण बाटलीवरची आद्याक्षरं सुट्टी करून वाचतो कोण! आणि सरकारी महामंडळाला गोष्ट सांगता आली असती तर ते सरकारी महामंडळ कशाला झालं असतं.

आता शिबिरवाले बागायतदाराला सांगतात, भाऊ, तुमच्या संत्र्याची स्टोरी सांगा, ग्राहक जास्त पैसे देईल. ऐकायला छान आहे. नागपुरी संत्र्याचं परदेशातलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. त्यांनी आयात शुल्क वर्षागणिक वाढवत नेलं आणि इकडे बागेतला भाव कोसळला. ढाक्यातल्या शुल्काला कोणत्या आजीची गोष्ट सांगायची? २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात संत्रा प्रक्रिया केंद्रांची घोषणा झाली. नागपूर, काटोल, कळमेश्वर, मोर्शी, बुलढाणा अशी नावं वाचली गेली. आम्ही कंस उघडून बसलो होतो, त्यात कोणी काही भरलं नाही. ज्याच्या हातात भाव नाही, साठवायला कोल्ड स्टोरेज नाही, प्रक्रियेचा कारखाना नाही, त्याला फुकटात देता येण्यासारखा एकच सल्ला उरतो: तुमची गोष्ट सांगा. गोष्ट सांगायला अनुदान लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, तुमचा या सगळ्या प्रकारालाच विरोध दिसतो. तसं नाही. धंद्यात गोष्ट सांगणं मराठी माणसाला कोणत्या अमेरिकन पुस्तकाने शिकवलेलं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला सायकलींचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर केला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली. नांगर चांगला होता, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, अशी शेतकऱ्यांची समजूत. आता विचार करा, आजचा सल्लागार काय म्हणाला असता? नांगराला पूर्वजांचं नाव द्या, फाळावर एक म्हातारा छापा.

किर्लोस्करांनी दुसरंच केलं. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक काढलं. उघडउघड कारखान्याचं मासिक. नावच सांगत होतं, खबर कोणाची आहे. काही झाकलेलं नव्हतं. त्यात यंत्रांची माहिती, शेतीची माहिती, उद्योगाची माहिती. हळूहळू त्यात कथा आल्या, चित्रं आली, लेख आले, आणि पुढे 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. १९३० मध्ये 'स्त्री' निघालं, १९३४ मध्ये 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे निबंध 'किर्लोस्कर'मध्ये आले, तेव्हा वाचक चिडले, भांडले, आणि पुढचा अंक घ्यायला पुन्हा आले. नांगर विकायला काढलेल्या कागदाने मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांना वाचायला आणि वाद घालायला शिकवलं. गंमत अशी की ज्या घरांत नांगर सोडा, वावरही नव्हतं, त्या घरांत हे मासिक येत होतं. आजचे कंटेंटवाले याला रिटर्न मिळाला का, असं विचारतील. मिळाला. पण तो मोजायला शंभर वर्षं थांबावं लागतं, आणि यांचा अहवाल दर सोमवारी जातो.

शंकररावांच्या खबरेत आणि पाकिटावरच्या आजीत मला एकच फरक दिसतो. खबरेने वाचणाऱ्याला काहीतरी दिलं. आजी फक्त घेते.

आता गाईकडे वळू, कारण कारंज्यात राहून गवळाऊवर न बोलणं बरं दिसत नाही. गवळाऊ हे आमचं गुरू, म्हणजे गुरं या अर्थाने. वर्धा जिल्ह्यातला आर्वी, आष्टी, कारंजा हा तिचा मूळ मुलूख. पांढरी, हलक्या अंगाची, पळायला चपळ. मराठ्यांच्या फौजेचं सामान ओढायला ही बैलं होती असं सांगतात. आमच्याच तालुक्यात हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्र आहे. नंदगवळी समाजाने ही गुरं पिढ्यान्‌पिढ्या जंगलात चारून सांभाळली. गाय दूध किती देते? एका वेतात सरासरी सहाशे लिटरच्या आसपास. दिवसाचे दोन-तीन लिटर धरा. हे आम्हाला माहीत आहे, गवळ्याला माहीत आहे, वासराला तर फारच माहीत आहे.

माहीत नसतं ते फक्त ऑनलाइन तूपवाल्याला. देशी गाय, बिलोना पद्धत, ए-टू दूध, वेदांचा उल्लेख, बरणीवर सोनेरी दोरी, आणि किलोचा भाव असा की वाचून माणूस कोरडी पोळी खाऊन उठेल. साधा हिशेब करू. किलोभर तुपाला पंचवीसेक लिटर दूध लागतं. वासराने एक थेंबही पिला नाही असं धरलं तरी एका गाईचं एका वेतात वीस-पंचवीस किलोच तूप. मग बाराही महिने, कितीही बरण्या मागवा, दुसऱ्या दिवशी दारात, हे कसं जमतं? गाई वाढल्या म्हणावं तर जात कमी होत चालली आहे म्हणून तिच्यासाठी योजना निघतात. म्हणजे गाई घटताहेत आणि त्यांचं तूप वाढतंय. गोष्ट दुधाच्या पुढे पळाली की असं होतं. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ ला आदेश काढला की पाकिटावरून ए-वन, ए-टू हे दावे काढा. २६ ऑगस्टला तो आदेश मागे घेतला. पाच दिवस देशातल्या बरण्या गोंधळल्या होत्या, आता पुन्हा त्यांना आपली जात आठवली आहे.

आणि बरणीवर न येणारा भाग असा: २०१४ मध्ये बोर अभयारण्याचा व्याघ्र प्रकल्प झाला, जंगलातली चराई आवळत गेली. वाघ हवाच. पण ज्या गवळ्यांनी जात टिकवली त्यांनी गुरं कुठे चारायची, हा प्रश्न कोणत्या तूपवाल्याने सोनेरी दोरीला बांधलेला मी पाहिला नाही. त्याने ग्राहकाचा मूड जातो.

याच जिल्ह्यात, वर्ध्याला, गोरस भांडार आहे. जमनालाल बजाजांनी १९४१ मध्ये गोसेवा संघाचं काम हाती घेतलं आणि ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले. आयुष्याचे शेवटचे महिने त्यांनी गाईला दिले. त्या परंपरेतून आलेल्या या भांडारात गाईच्या तुपातलं गोरसपाक नावाचं बिस्किट मिळतं. वर्ध्याहून निघालेला माणूस गोरसपाकाचं खोकं न घेता गेला तर घरी त्याला दारातच विचारतात. खोक्यावर कोणाचं अश्रू ढाळणारं आत्मकथन नाही. सांगायला यांच्याकडे गांधी आहेत, विनोबा आहेत, जमनालाल आहेत, आणि हे गपचूप बिस्किटं भाजतात. शिबिरवाल्यांनी एकदा यांच्याकडे येऊन फी भरावी.

नागपूरच्या डॉली चहावाल्याचं नाव न घेता हा विषय संपवला तर वाचक मला सोडणार नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये बिल गेट्सने त्याच्या हातचा चहा पिला, तो व्हिडिओ जगभर फिरला, आणि डॉलीने पत्रकारांना सांगून टाकलं की हा गोरा माणूस कोण, ते आपल्याला माहीतच नव्हतं. या एका वाक्यासाठी मी त्याला शंभरपैकी नव्वद देतो. दुसरा कोणी असता तर लहानपणापासून गेट्सचा फोटो उशाखाली ठेवून झोपत होतो, असं म्हणाला असता. डॉलीने आजी आणली नाही, गरिबी विकली नाही. चष्मा, केस आणि वरून सोडलेली दुधाची धार, हा सगळा तमाशा आहे आणि तो तमाशा म्हणूनच करतो. चहा कसा आहे? चहासारखा आहे. २०२५ मध्ये त्याने फ्रँचायझी काढली, टपरीपासून मोठ्या दुकानापर्यंत, लाखांचे भाव. इथे मात्र मला भीती वाटते. लाखो रुपये भरून एखादा पोरगा कोणत्या तरी तालुक्याला तोच चष्मा लावून उभा राहील आणि तिथे कोणीही गेट्स येणार नाही. कदाचित त्याचाही बाप हरभरा विकेल.

एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. शहरात कापडी पिशव्या, कुर्ते, रुमाल मिळतात, त्यावर चिठ्ठी असते: हे विदर्भाच्या कापसाचं आहे, तुमच्या खरेदीने एका शेतकरी कुटुंबाला आधार मिळतो. कधीकधी बाईचा फोटोही असतो, कपाळ मोकळं. शेतकरी आत्महत्यांनंतर आलेल्या २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांपैकी आमचा जिल्हा एक. म्हणजे दुःख खरं आहे, सरकारी शिक्क्यासह खरं आहे. पण त्या फोटोतल्या बाईला विचारलं होतं का? चिठ्ठीवर काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवलं का? पिशवीच्या किमतीतला तिचा वाटा किती, तो आकडा चिठ्ठीवर का नाही? खादीच्या नावावरून खादी आयोगाने २०१८ मध्ये फॅबइंडियावर मुंबई उच्च न्यायालयात ५२५ कोटींचा दावा लावला. नावाचं मोल इतकं असतं. नवरा गेलेल्या बाईच्या फोटोचा दावा कोण लावणार, आणि किती कोटींचा?

माझं म्हणणं एवढंच आहे. गोष्ट ज्याची आहे त्याच्या गल्ल्यात पैसे पडत असतील तर ती कितीही वाईट सांगा, चालेल. आमच्या हायवेवर सीझनमध्ये संत्र्याचे ढीग लावून माणसं बसतात. मागच्या हिवाळ्यात एकाने गाडीवाल्याला सांगितलेलं मी ऐकलं: "भाऊ, हा अंबिया आहे, जरा आंबट लागन. गोड पायजे असन तं मृगाचा घ्याले फेब्रुवारीत या." गाडीवाल्याने दोन किलो घेतले असते, एकच घेतला. विकणाऱ्याचं तेवढं नुकसान झालं. गोष्ट अस्सल होती.

सगळेच असे नसतात. चकचकीत फळं वर आणि गोट्यांएवढी खाली, हीही एक गोष्टच आहे आणि ती आमच्याकडे चांगली सांगितली जाते.

तेव्हा मृगाचा बहार निघेल त्या दिवसांत नागपूर-अमरावती रस्त्याने जाणार असाल तर कारंज्याला थांबा. बाग कोणाची, ते विचारा. विकणारा बागवाला आहे की माल घेऊन बसलेला व्यापारी, तेही विचारा, दोघांच्या उत्तरात फरक असतो. वरचा थर बाजूला करून खालची फळं बघा. आणि पटलं तर भाव करू नका, कारण आजीच्या लोणच्याच्या बरणीवर तुम्ही कधी केला नव्हता.